नळी काढणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे

‘व्हेंटिलेटर काढा, औषधे थांबवा; पण अन्न कसे तोडायचे? माणसाला उपाशी मारायचे का?’ अतिदक्षता विभागाबाहेर हा प्रश्न हमखास निघतो. तो मायेपोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

या मताचे लोक अरुणा शानबाग यांचा दाखला देतात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची चार दशके तिथल्या परिचारिकांनी त्यांना जिवापाड सांभाळले. अरुणांचे अन्न थांबवावे, ही लेखिका पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, हे खरे. पण अन्न तोडणे निषिद्ध म्हणून नव्हे. हा निर्णय विराणींचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, त्यांचे मत बदलले तर त्यांनी उच्च न्यायालयाकडे जावे, असे त्याच निकालात आहे. शिवाय त्या परिचारिका वर्षानुवर्षे कालवलेला घास हाताने भरवत होत्या आणि अरुणा तो गिळत होत्या. त्या घासाला माझाही हात लागणार नाही.

नळीने अन्न देण्याचे तसे नाही. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत माप घेऊन रायल्स ट्यूब आत सरकवतात. ती जठरात आहे की फुप्फुसात, हे तपासावे लागते. रुग्ण ती उपटतो म्हणून पुष्कळदा त्याचे हात बांधतात. हा उपचार आहे, आणि इतर उपचारांसारखाच तो लाभ-हानी तोलून सुरू करावा वा थांबवावा. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ब्लँड खटल्यात १९९३ सालीच हे मान्य केले. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळी घालू नका, हाताने जमेल तेवढे भरवा, असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीही सांगते. मरणाच्या उंबरठ्यावर शरीराची भूक मंदावते. तेव्हा ओतलेल्या अन्नाने धाप आणि सूज वाढू शकते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. बेशुद्धीत वर्षानुवर्षे स्थिर असलेला रुग्ण मरणासन्न नसतो. त्याचा जीव नळी काढल्यानेच जातो. मान्य. पण व्हेंटिलेटर काढल्यावरही तेच घडते, आणि त्याला आपली संमती असते. श्वास थांबू देणे चालते आणि अन्न थांबवणे पाप, हा भेद कशाच्या बळावर करायचा? श्वास काही अन्नाहून कमी मोलाचा नाही.

खरा प्रश्न रुग्णाच्या इच्छेचा आहे. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. त्यांना कुणी उपाशी मारले, असे महाराष्ट्र म्हणत नाही, कारण निर्णय त्यांचा होता. ज्याची वाचा गेली, त्याची इच्छा आधी लिहिलेली असली तरच कळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरेसा. तेव्हा वाचकहो, इच्छापत्र करा आणि त्यात नळीबद्दल स्वतंत्र ओळ घाला. हवी असेल तर तसे लिहा, नको असेल तर तसे.