तांड्याची फिर्याद

पैनगंगेच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगांचे जे पूर्वेकडील फाटे पुसद, दिग्रस, महागाव आणि उमरखेड या तालुक्यांत पसरले आहेत, त्यांच्या उतारांवर आणि माळरानांवर, मूळ गावाच्या पांढरीपासून थोड्या अंतरावर, कोणा नायकाच्या नावाने ओळखले जाणारे बंजाऱ्यांचे तांडे आढळतात. यवतमाळ जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास सांगू जाणारा मनुष्य लोकनायक बापूजी अणे यांच्यापासून आरंभ करतो, आणि ते न्याय्यच आहे. कारण जुलै १९३० मध्ये पुसदच्या रानात गवत कापून त्यांनी जंगलचा कायदा मोडला, तेव्हा वऱ्हाडातील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे प्रथमच राष्ट्राच्या गाऱ्हाण्याशी जोडले गेले. परंतु ज्यांच्या गुरांचे कुरण त्याच जंगलखात्याने बंद करून टाकले होते, त्या बंजारा समाजाने पुसद-दिग्रसच्या परिसरात राहून सरकारदरबारी आपली फिर्याद मांडण्याची, नगरपालिकेपासून विधिमंडळापर्यंत आपला माणूस बसविण्याची आणि कायद्याच्या शब्दांत आपली नोंद करून घेण्याची जी विद्या क्रमाक्रमाने आत्मसात केली, तिचा वृत्तांत मात्र अद्याप पुरेशा आस्थेने लिहिला गेलेला नाही.

ही विद्या समाजाला सर्वस्वी नवी नव्हती. रेल्वे येण्यापूर्वी दक्षिणेतील धान्य आणि मीठ यांची वाहतूक बैलांच्या पाठीवर चाले, आणि त्या लदेणीचे स्वामी बंजारेच होते. मोगलांच्या दक्षिण मोहिमांत सैन्याची रसद त्यांच्याच बैलांनी वाहिली. शाहजहानच्या काळी भंगी आणि जंगी या दोघा नायकांना वजीर असफखानाने ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत सनद करून दिली, तिच्या आधाराने त्यांच्या माणसांना वाटेतल्या घरांवरचे गवत आणि रांजणातले पाणी घेण्याची मुभा मिळाली, इतकेच नव्हे तर त्यांच्या हातून घडलेल्या खुनांनाही माफी मिळाली, अशी परंपरा आहे. परंपरेतील प्रत्येक तपशील खरा धरण्याचे कारण नाही. तथापि राजसत्ता आणि तांडा यांचा संबंध एके काळी कराराचा होता, बंजाऱ्यावाचून लष्कर हलत नव्हते आणि म्हणून बंजाऱ्याच्या शब्दाला दरबारात वजन होते, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. ही परंपरा ज्यांनी टिपून ठेवली त्यांत वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबर्लेज नावाचा इंग्रज अधिकारी प्रमुख आहे. ज्या समाजाचा उल्लेख पूर्वी सनदेत होत असे, त्याचे वर्णन लिहिण्याचे काम एकोणिसाव्या शतकात पोलिसाकडे आले, ही एकच गोष्ट मधल्या काळात काय घडले ते सांगण्यास पुरेशी आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला, आणि बैलांच्या पाठीवरची गोणी आगगाडीच्या डब्यात गेली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या याद्यांत निरनिराळ्या प्रांतांतील बंजाऱ्यांच्या शाखा घालण्यात आल्या, आणि जन्मास येणे हाच अपराध ठरलेल्या माणसांना हजेरी व परवाना यांच्या बंधनात जगावे लागले. पाठोपाठ जंगल कायद्यांनी कुरणे आकुंचित झाली. धंदा गेला, चराई गेली, अब्रूही गेली. अशा अवस्थेत अनेक तांडे जेथे होते तेथेच थांबले. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो तो त्या वेळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्यात पडीक जमिनी पुष्कळ होत्या, सरकार त्या इजाऱ्याने देत असे, आणि येथील कितीतरी गावांच्या नावापुढे 'इजारा' हा शब्द अजूनही लागलेला आहे. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळास जोडण्यात आला. त्याच पुसद तालुक्यात चतुरसिंग नायकांनी वसविलेले गहुली हे गाव पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात आले.

भटकणारा तांडा स्थिर झाला तरी त्याची अंतर्गत व्यवस्था मोडली नाही, आणि पुढील सर्व घडामोडींचे मूळ माझ्या मते येथे आहे. तांड्याचा मुख्य नायक. त्याच्या साहाय्यास कारभारी. वादाचा निवाडा करण्यास हसाबी-नसाबी आणि डायसाण म्हणविणारे वृद्ध, जाणते पुरुष. आणि या सर्वांची जी बैठक भरे ती नसाब. तंटा कोर्टात न नेता नसाबेपुढे मांडावा, दोन्ही बाजूंचे सविस्तर ऐकले जावे, वादविवाद रात्र-रात्र चालावा आणि झालेला निर्णय साऱ्यांनी मानावा, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली होती. अक्षरओळख नसलेल्या समाजात बाजू मांडण्याचे, ऐकून घेण्याचे आणि समूहाच्या नावाने बोलण्याचे शिक्षण या नसाबेने दिले. तिच्यात स्त्रियांना स्थान नव्हते, आणि दंडाच्या ओझ्याने कित्येक कुटुंबे कर्जबाजारी झाली, हेही सांगितलेच पाहिजे; जुन्या संस्थेचा गौरव करताना तिने कोणाचे तोंड बंद ठेवले हे झाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

गहुलीच्या फुलसिंग नायकांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. तांड्यातला हा मुलगा अमरावती आणि नागपूर येथे शिकून १९४० मध्ये वकील झाला, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली त्याने काही काळ उमेदवारी केली, आणि मग पुसदला येऊन वकिली आरंभिली. पंजाबरावांच्या सहवासातून वसंतरावांनी जे घेतले ते केवळ कायद्याचे ज्ञान नव्हे: बहुजन शेतकऱ्याचे हित साधायचे तर संस्था आणि सत्तास्थाने हस्तगत केली पाहिजेत, हा वऱ्हाडातील त्या थोर पुरुषाचा आग्रह त्यांनी पुरता उचलला. याच सुमारास त्यांनी नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला, आणि त्या काळी असा विवाह करणाऱ्यांच्या वाट्याला जो रोष येई तो दोघांनी धैर्याने सोसला. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेशाच्या विधानसभेवर निवडून येऊन महसूल खात्याचे उपमंत्री झाले. तांड्यातील लोकांची सर्वाधिक भीती ज्या कचेरीशी निगडित होती, त्या महसुली कचेरीच्या वरच्या खुर्चीवर तांड्यातलाच पुत्र बसला, याचे मोल ज्याच्या बापाने मामलेदाराच्या दारात दिवस-दिवस उभे राहून काढले असतील त्यालाच कळेल.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, दिग्रस येथे अखिल भारतीय बंजारा सेवा संघाची स्थापना झाली. दिग्रस हे स्थळ यथायोग्य होते. संत सेवालाल महाराजांचे पोहरादेवी तेथून जवळ, आणि त्या तीर्थाच्या वाटेने येणाऱ्या लोकांना कोणी निमंत्रण द्यावयाचे कारण नव्हते. कर्नाटकात लमाणी, तेलंगणात लंबाडा अशा वेगवेगळ्या नावांनी वावरणारा हा समाज आपण एक आहोत हे देवाच्या यात्रेत जाणत होता; तेच एकत्व ठराव, शिष्टमंडळ आणि विनंतीअर्ज यांच्या भाषेत राज्यकर्त्यांना सांगण्याची सोय दिग्रसला झाली. त्याआधीच, १९३६ मध्ये, बळीराम हिरामण पाटील यांनी समाजाचा इतिहास मराठीत लिहिला होता. स्वतःचा इतिहास स्वतः लिहिणे आणि स्वतःची संघटना स्वतः उभारणे या दोन कृतींमधील अंतर सतरा वर्षांचे आहे, आणि मधल्या काळात नवशिक्षितांची पहिली पिढी तयार झालेली आहे.

अशा घटना जगात अन्यत्रही त्याच सुमारास घडत होत्या. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, जेथे स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत असूनही परके गणले जात, १९२९ मध्ये कॉर्पस क्रिस्टी या शहरी त्यांची 'लूलॅक' ही संस्था स्थापन झाली. मुलांना वेगळ्या शाळांत कोंडण्याविरुद्ध तिने न्यायालयात दाद मागितली. १९७४ मध्ये सॅन अँटोनियो येथे विली व्हेलास्केझ याने मतदार-नोंदणीची चळवळ उभारली, आणि १९७५ मध्ये मतदान-हक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भाषिक अल्पसंख्याकांना मतपत्रिका त्यांच्या भाषेत मिळू लागली. १९८० च्या जनगणनेत हिस्पॅनिक असण्याचा प्रश्न प्रत्येक घरी विचारला गेला. शेतात राबणारे हात, घरात बोलली जाणारी वेगळी भाषा आणि सरकारी कागदावर न उमटणारे अस्तित्व, या तिन्ही गोष्टींत पुसदचा तांडा आणि टेक्सासची वस्ती यांचे दुःख एकाच जातीचे आहे. फरक पडतो तो पुढे. टेक्सासच्या लोकांनी गणनेचा प्रश्न धसास लावला. आपल्याकडे तो तसाच राहिला.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरचा काळ मात्र बंजारा समाजाच्या दृष्टीने खरोखर भाग्याचा. २७ जून १९६० रोजी लोकशाही विकेंद्रीकरणासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद महसूलमंत्री वसंतराव नाईकांकडे आले. मार्च १९६१ मध्ये अहवाल सादर झाला, आणि त्याच्या आधारे झालेल्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. याच प्रश्नाचा राष्ट्रीय पातळीवर आधी विचार केलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर गटावर होता. नाईक समितीने जिल्ह्याला मुख्य अधिकार दिले, आणि आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवले. नसाबेत बसून मोठ्या झालेल्या मनुष्याने अवघ्या महाराष्ट्राच्या ग्रामकारभाराचा आराखडा द्यावा, याचा अभिमान केवळ बंजाऱ्यांनीच नव्हे, यवतमाळच्या प्रत्येक रहिवाशाने बाळगावा. १९६१ मध्येच राज्य शासनाने विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांची यादी ठरविली. तिच्यातील चौदा विमुक्त जातींत बंजारा समाज आला. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत वसंतराव मुख्यमंत्री होते, आणि १९९१ मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक त्याच आसनावर बसले.

शिखरावर एवढे यश मिळाले, म्हणूनच पायथ्याकडे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. पुसदचे प्रतिनिधित्व दीर्घकाळ एकाच घराण्यात राहिल्याने तांड्यातील सामान्य माणसाला स्वतः अर्ज लिहिण्याची, सभेत उभे राहून बोलण्याची गरजच उरली नाही. आपला माणूस मुंबईत आहे, तो पाहून घेईल, हा विश्वास प्रेमाचा होता, पण त्याने संघटनेचे स्नायू शिथिल केले. कित्येक तांड्यांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा अद्याप नाही. त्यामुळे निधी मूळ गावाच्या नावे येतो आणि तेथेच संपतो. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गाडीत बसून जातात, आणि मुलांची शाळा सुटते. यादीचा गोंधळही तसाच आहे: कर्नाटकातील लमाणी अनुसूचित जातीत, तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातीत, आणि पैनगंगेच्या अलीकडचा बंजारा विमुक्त जातीत. म्हणून येथे अनुसूचित जमातीची मागणी पुनःपुन्हा उठते. तिच्यामागील वेदना खरी आहे. परंतु याच जिल्ह्यातील कोलाम, गोंड आणि आंध हे तिला विरोध करतात तेव्हा त्यांची भीतीही तितकीच खरी आहे, आणि मोठ्या संख्येच्या, संघटित समाजाने लहान आणि दुबळ्या शेजाऱ्याशी आधी बोलणे करावे, मोर्चा नंतर काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नसाबेची परंपरा सांगणाऱ्यांना हे शिकवावे लागू नये.

राहिला भाषेचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत लमाणी वा लंबाडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३३ लाख आणि बंजारी सांगणारे सुमारे १६ लाख लोक नोंदले गेले, आणि हे सर्व लोक हिंदीच्या आकड्यात मिळविले गेले. एकाच बोलीची दोन नावे, आणि दोन्ही तिसऱ्याच भाषेच्या पोटात. शाळेत पहिल्या दिवशी शिक्षकाचे मराठी न समजणारे तांड्यातले मूल या आकड्यांत कोठेच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी पुस्तक छापले जात नाही, शिक्षक नेमला जात नाही.

नवी जनगणना आता समोर आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद व्हावयाची आहे. पुसद, दिग्रस, आर्णी, महागाव, उमरखेड, दारव्हा आणि नेर या तालुक्यांतील सुशिक्षित बंजारा तरुण-तरुणींना माझे एवढेच सांगणे आहे की, गणनेच्या आधी तांड्यातांड्यांत बैठका घ्याव्यात, त्या बैठकांना आपल्या आया-बहिणींना बोलवावे, ऊसतोडीला गेलेल्यांची नावे सुटणार नाहीत याची तजवीज करावी, आणि प्रगणक दारात आला असता मातृभाषेच्या रकान्यात सर्वांनी एकच नाव लिहवून घ्यावे.