मोटारीच्या खोलीची किल्ली

आटपाडीच्या आठवडी बाजारात माझे वडील वांगी एकाच माणसाकडून घ्यायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. पिशवी भरली की तो वरून दोन वांगी जास्तीची टाकायचा, "ऱ्हाऊ द्या अण्णा, पोराला." घरी आई विचारायची, "वसाहतीतल्याकडनं आणलीत?" वडील म्हणायचे, "वांग्याला कुठं शिक्षा झालीय?" तो खुनाची शिक्षा भोगत असलेला कैदी होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ती वसाहत म्हणजे स्वतंत्रपूर. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. वसाहत वसली तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थान लहान, त्यातही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. आमचा तुकडा माणदेशातला, पावसानं कायम ओढ दिलेला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना महाराष्ट्र सूर्यनमस्कार घालणारा राजा म्हणून ओळखतो. याच राजानं जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं झालेली घटना स्वीकारली आणि कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या आग्रहानं, आटपाडीजवळच्या रानात कैद्यांची वस्ती उभी राहिली. तिला भिंत नव्हती. कैद्यानं शेती करायची, बायकामुलांना सोबत आणायचं, पिकलेलं विकायचं. बंदिवानांच्या गावाला स्वतंत्रपूर म्हणायला राजाच हवा!

तुरुंगात काम शिकवणं काही नवं नव्हतं. येरवड्याचं कारागृह १८७१चं. विणकाम, सुतारकाम, शिवणकाम शिकून किती हात तिथून बाहेर पडले असतील. पण सुटलेला माणूस गावी परतला की त्याला कुणी सुतार म्हणत नाही. 'जेलातनं आलेला' म्हणतात. अडतं ते हुन्नरापाशी नाही, भरवशापाशी. आणि भरवसा वर्गात बसवून शिकवता येत नाही, कुणीतरी तो आधी टाकावा लागतो.

औंधच्या मुलखात असा भरवसा त्याआधीही टाकला गेला होता. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा भवानरावांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसू लागली. त्या उजाड माळावर रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कुणाला ठेवलं? शिक्षा भोगून आलेल्या दोघा रामोशांना. नांगर घडवणाऱ्या कारखान्याची रात्र त्यांच्या हवाली होती.

स्वतंत्रपूर देशाला माहीत झालं ते सिनेमामुळे. आमच्याच तालुक्यातल्या शेटफळेच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आणला. पुढच्या वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. सहा कैदी आणि एक जेलर यांची ती गोष्ट. त्यातही कैदी भाजी घेऊन बाजारात बसतात, मार खातात. पण सुटल्यावर ते कुणाच्या दारात काम मागायला उभे राहिले, तिथवर सिनेमा जात नाही.

तिथून पुढची गोष्ट माझ्यापाशी आहे आणि ती सांगताना मान खाली जाते.

१९९६-९७ची गोष्ट. मी एका सहकारी संस्थेत कारकून होतो. गोदामावर रखवालदार हवा होता. अर्जदारांत चाळिशीचा एक जण होता. बांधावरून झालेल्या भावकीच्या मारामारीत माणूस मेला, त्याची शिक्षा भोगून सुटलेला. शेवटची काही वर्षं त्यानं स्वतंत्रपुरात काढली होती. मला म्हणाला, "भाऊसाहेब, वसाहतीत मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याकडंच असायची. रातीबेराती पानी सोडायला मीच जायचो. एक दीस किल्ली हरवली न्हाई."

कमिटीत कुणी वाईट माणूस नव्हता. सगळे इतकंच म्हणाले, "आपल्याला काही नाही हो, पण उद्या काही झालं तर?" अर्जाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडलेला नाही, असा शेरा मारायचं ठरलं. शेरा माझ्या अक्षरात आहे. खाली सहीही माझीच.

म्हणजे हिशेब असा झाला : कैदी असताना त्याच्या हाती सरकारची किल्ली होती, आणि मोकळा झाल्यावर आमच्या गोदामाची मिळाली नाही.

त्या दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. मुकादमानं त्याच्याकडं दाखला मागितला नाही. उचल दिली, कोयता दिला. ज्या कामाला माणसं मिळत नाहीत, तिथं चारित्र्य कुणी विचारत नाही.

कायदा हळूहळू हलतोय. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उमेदवारानं खरं ते लिहावं, आणि मालकानंही गुन्हा कसला, पद कोणतं हे पाहून सारासार विचार करावा. पण गावातल्या कमिटीत निकालपत्र वाचतो कोण? तिथं चालतं ते "उद्या काही झालं तर?"

हाच प्रश्न १९१० मध्ये लक्ष्मणरावांना आणि १९३९ मध्ये राजालाही पडला असणार. त्यांच्याकडं आमच्यापेक्षा जास्त हमी होती असं नाही. तरी त्यांनी आधी किल्ली दिली.

तुम्ही कुठल्या कमिटीवर असाल, तर असा अर्ज समोर आल्यावर शेरा लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा आत बोलवा. मी त्याला बाहेरच्या बाकावरूनच परत पाठवलं होतं.