प्रगत स्तर भौतिकी, इंग्लंडमधील

इंग्लंड व वेल्समधील माध्यमिक शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत, म्हणजे वयाच्या सु. १६ ते १८ या काळात, ऐच्छिक विषय म्हणून शिकविला जाणारा भौतिकीचा अभ्यासक्रम. तो ‘ए लेव्हल’ या नावाने ओळखला जातो. वयाच्या दृष्टीने तो महाराष्ट्रातील अकरावी-बारावीशी समांतर असला, तरी तेथील विद्यार्थी सामान्यतः तीनच विषय घेतो. साहजिकच सोळाव्या वर्षी भौतिकी सोडणाऱ्यास अभियांत्रिकीसारख्या अनेक शाखांचा मार्ग बहुधा कायमचा बंद होतो. या अकाली विशेषीकरणावर सी. पी. स्नो यांनी १९५९ मधील आपल्या केंब्रिज येथील प्रसिद्ध व्याख्यानात कडक टीका केली होती.

१९१८ मध्ये सुरू झालेल्या उच्च शालेय प्रमाणपत्र परीक्षेत विषयांच्या गटात उत्तीर्ण व्हावे लागे. १९५१ मध्ये तिच्या जागी प्रत्येक विषयाचे स्वतंत्र प्रमाणपत्र देणारी प्रगत स्तर परीक्षा आली. परीक्षापद्धती बदलली, तरी आशय फारसा बदलला नाही. उष्णता, प्रकाश, ध्वनी, विद्युत् व चुंबकत्व असे अलग कप्पे, पाठ केलेल्या सिद्धता आणि उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रयोग असेच त्याचे स्वरूप बराच काळ राहिले. विसाव्या शतकातील भौतिकीला त्यात गौण स्थान होते.

डेंटन समितीने १९६८ मध्ये विज्ञान शाखांकडून विद्यार्थी दूर जात असल्याचे निदर्शनास आणले. त्या सुमारास नफील्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पॉल ब्लॅक व जॉन ऑगबॉर्न यांच्या नेतृत्वाखाली नवा अभ्यासक्रम तयार होत होता. १९७१ पासून प्रसिद्ध झालेला हा अभ्यासक्रम म्हणजे या इतिहासातील सर्वांत धाडसी प्रयत्न होय. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम त्यात सोंगट्यांच्या खेळाने शिकविला जाई. छत्तीस घरांच्या पटावर प्रत्येक घरात ऊर्जेच्या पुंजाऐवजी एक सोंगटी ठेवावयाची. फासे टाकून जे घर येईल त्यातील सोंगटी उचलावयाची आणि पुन्हा फासे टाकून येईल त्या घरात ती ठेवावयाची. समान वाटणीपासून आरंभ करूनही थोड्याच वेळात बरीच घरे रिकामी होतात, काही घरांत एक-दोन सोंगट्या असतात आणि फार थोड्या घरांत अनेक साठतात. कोणतेही बल न लावता केवळ यदृच्छेने घडणारे हे वितरण विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. श्रोडिंजर समीकरणाची ओळखही गणिती अवडंबर न माजविता, अंकात्मक पद्धतीने टप्प्याटप्प्याने करून दिली जाई. याहून महत्त्वाचे म्हणजे, विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रश्नाचे सु. दोन आठवडे अन्वेषण करावे व त्याचे गुण अंतिम परीक्षेत धरले जावेत, अशी तरतूद होती. ज्याला गुण नाहीत त्याला वर्गात वेळ मिळत नाही, हे योजनाकारांनी अचूक ओळखले होते.

तथापि विद्यार्थिसंख्येचा प्रश्न सुटला नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभापासून २००६ पर्यंत या परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. त्यानंतर ती पुन्हा वाढू लागली. २००० मध्ये ऑगबॉर्न यांच्याच मार्गदर्शनाखाली भौतिकी संस्थेने आणखी एक नवा अभ्यासक्रम आणला.

२०१५ च्या सुधारणेने प्रयोगकार्याचे गुण अंतिम श्रेणीतून वगळले. किमान बारा प्रयोग करणे आवश्यक असून त्यांचा शेरा प्रमाणपत्रावर वेगळा नोंदविला जातो. लेखी प्रश्नपत्रिकांतील किमान १५ टक्के गुण प्रयोगविषयक ज्ञानासाठी असतात. शिक्षकांनी दिलेले गुण एकाच पातळीवर गोळा होत व ठराविक प्रयोगच घोटून घेतले जात, हे या बदलाचे समर्थन निराधार नव्हते. परंतु स्वतंत्र अन्वेषणाचा आधारही त्याबरोबर गेला.

मुलींचे प्रमाण मात्र दीर्घकाळ एकपंचमांशाच्या आसपासच राहिले. भौतिकी संस्थेच्या २०१२ च्या अहवालानुसार इंग्लंडमधील सहशिक्षण देणाऱ्या सरकारी शाळांपैकी सु. निम्म्या शाळांतून २०११ मध्ये एकही मुलगी प्रगत स्तर भौतिकीकडे वळली नव्हती. केवळ मुलींच्या शाळांत हे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते.