दिंडोशीतलं दुकान, दिंडोरीची द्राक्षं: वाइनच्या बाटलीवरची किंमत ठरवली कुणी?

ज्यांना लोकलच्या गोंगाटात हा भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जे राहून गेलं, तेही इथे घातलंय.

सुरुवात घरापासून. मागच्या डिसेंबरात ताई आणि दाजी पुण्याहून आले होते. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. ताईने हळूच मेसेज केला, ‘एक बरी वाइन आण. हजाराच्या आत बसव.’ आम्ही राहतो दिंडोशीला, नागरी निवारात. मी सॉफ्टवेअरवाला, २८ वर्षांचा. फोन घ्यायचा तर मी १५ रिव्ह्यू वाचतो, इअरफोन घ्यायचे तर एक्सेल शीट करतो. म्हटलं, वाइन काय, घेऊ.

दुकानावर मोठी पाटी, ‘वाइन शॉप’. समोर लोखंडी जाळी. जाळीला एक खिडकी. मागे रांग, रांगेतले सगळे घाईत. मी विचारलं, ‘दादा, वाइन दाखवा ना जरा.’ तो म्हणाला, ‘रेड की व्हाइट?’ संपला विषय. आतल्या एका कोपऱ्यात दीड फळी वाइन, बाकी दुकानभर व्हिस्की, रम आणि बीअर. मी लांबूनच बोट दाखवून एक परदेशी बाटली उचलली. लेबलवर किल्ल्याचं चित्र होतं, आणि हजारात परदेशी मिळतेय म्हणजे सौदा चांगला, असं वाटलं. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली, काळ्या पिशवीत टाकली आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

रात्री उघडली. पातळ, आंबट, चव नाहीच. दाजी भला माणूस, काही बोलला नाही. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. हजार रुपये दिले, त्यातली वाइन नेमकी कितीची होती? आणि ‘वाइन शॉप’ म्हणवणाऱ्या दुकानात वाइन हातात घेऊन बघता का येत नाही? या दोन प्रश्नांचा माग काढता काढता मी थेट १९४९ सालात पोचलो.

जाळी आली कुठून?

मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. १९५०च्या एप्रिलपासून मुंबईत पूर्ण दारूबंदी लागू झाली. त्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय, तर मला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर, एवढंच नाही तर औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनसुद्धा बाळगायचा हक्क आहे. १९५१मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा मोठ्या प्रमाणात कायम ठेवला. औषधं आणि प्रसाधनं मात्र वगळली. म्हणजे कोलोन सुटलं, वाइन अडकली.

गंमत पुढे आहे. हा कायदा आजही जिवंत आहे, फक्त नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, परवान्याचे नियम सैल होत गेले. पण पाया तोच राहिला: दारू मुळात बंद आहे, परवाना असेल तर चालेल. आजही कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांचा किंवा आयुष्यभराचा १००० रुपयांचा. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू ‘नाही’ आहे, आणि बाकी सगळे अपवाद वरून चिकटवलेत.

दुकानही त्याच कोडवर चालतं. जाळी, खिडकी, वर्तमानपत्र, काळी पिशवी. जी गोष्ट लाजेने घ्यायची, ती निवडून कशी घेणार? व्हिस्कीचं निभतं, कारण तिचा ब्रँड ठरलेला असतो. नाव सांगितलं की झालं. वाइनचं तसं नाही. द्राक्ष कुठलं, साल कुठलं, भरली कुठे, हे बाटली फिरवून वाचावं लागतं. जाळीतून ते कसं जमणार?

द्राक्षं आपलीच होती

आता नाशिककडे चला. आपल्याकडे द्राक्ष म्हणजे खायचं. वाइनची द्राक्षं वेगळी असतात: लहान, जाड सालीची, बियांची. ती लावण्याचं मोठं धाडस आधी नारायणगावला झालं. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी शातो इंडाज सुरू केली. फ्रेंच तंत्राने बनवलेली त्यांची फसफसणारी वाइन परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने जायची. जुन्नर तालुक्यातली बाटली आणि नाव फारसी कवीचं! पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, पण वाट पडली होती.

मग राजीव सामंत. हे नाव मला जवळचं वाटतं, कारण माणूस स्टॅनफर्डचा इंजिनीअर, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करून परत आलेला. नाशिकजवळ घरची जमीन होती. १९९७मध्ये त्यांनी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या, आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आली. आईचं नाव सुलभा, म्हणून वाइनचं नाव सुला.

यानंतर सरकार जागं झालं. २००१मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला अबकारी कर माफ. नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाइन पार्क. पुढे वाइनरीने भरलेल्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत द्यायची योजनाही आली. अकलूजला मोहिते-पाटील कुटुंबातल्या भावांनी इटलीच्या भावांबरोबर ‘फ्राटेली’ काढली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. उसाच्या पट्ट्यात सांजोव्हेझे हे इटलीचं द्राक्ष उभं राहिलं!

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती खरेदीत कामी येते. युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपते आणि तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड्या बाराची. तोडणी येते जानेवारी ते मार्च. म्हणजे लेबलवरचं साल वाचताना हे धरा, की नाशिकची वाइन त्या सालाच्या सुरुवातीलाच तोडलेली आहे. व्हाइट घ्यायची असेल तर गेल्या एक-दोन सालांतली बघा. मुंबईच्या उन्हाळ्यात फळीवर ट्यूबलाइटखाली पडलेली जुनी व्हाइट घेण्यात काहीच शहाणपण नाही.

दीडशे टक्क्यांचं गणित

आता माझी किल्लेवाली बाटली. भारतात परदेशी वाइनवर सीमाशुल्क किती होतं? १५० टक्के. वाचून मी दोनदा डोळे चोळले.

समजा बाटली ४ डॉलरला बंदरात उतरली. त्यावर ६ डॉलर शुल्क. झाले १०. मग राज्याचे कर, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा. आता त्या मुळातल्या ४ डॉलरकडे बघा. काच, बूच, लेबल, खोका, जहाजाचं भाडं हा खर्च स्वस्त आणि महाग बाटलीला जवळपास सारखाच. तो वजा केला की आत उरलेल्या वाइनची किंमत किती? जवळजवळ नाहीच. माझे हजार रुपये काचेला, बोटीला आणि सरकारला गेले होते.

म्हणून पहिला धडा: परदेशी वाइनमध्ये सगळ्यात स्वस्त बाटली हा सगळ्यात वाईट सौदा. त्याच पैशात नाशिकची किंवा अकलूजची घेतली, तर पैशाचा मोठा हिस्सा खरोखर द्राक्षात जातो.

दुसरा धडा ऑस्ट्रेलियाचा. २९ डिसेंबर २०२२ला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला व्यापार करार लागू झाला. त्यात वाइनसाठी चक्क इफ-एल्स लिहिलाय. बाटली ५ डॉलरच्या खालची असेल तर सवलत शून्य. ५च्या वर असेल तर शुल्क १५०वरून १००, आणि १० वर्षांत ५०. १५ डॉलरच्या वर असेल तर थेट ७५, आणि १० वर्षांत २५. ५ डॉलरची ती अट कशासाठी? स्वस्त परदेशी वाइनचा पूर येऊन आपल्या द्राक्षवाल्यांचं नुकसान होऊ नये म्हणून. म्हणजे तेव्हा १६ डॉलरची बाटली इतर कुठून आणली तर १५० टक्क्यांनी ४० डॉलरला पडायची, आणि ऑस्ट्रेलियातून आणली तर करार लागू झाला त्या दिवशी २८ला. परदेशीच घ्यायची असेल तर थोडं साठवा, आणि चांगली ऑस्ट्रेलियन शिराझ घ्या. वर्षागणिक हे गणित आपल्या बाजूने झुकत जाणार आहे.

पॅरिस आणि वर्तमानपत्र

तरी मन म्हणतं, फ्रान्स ते फ्रान्स. त्यावर एक जुना किस्सा. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परिअर नावाच्या इंग्रज दुकानदाराने फ्रेंच परीक्षकांना नावं झाकून वाइन चाखायला दिल्या, काही फ्रान्सच्या, काही कॅलिफोर्नियाच्या. रेड आणि व्हाइट दोन्हींत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची. तोवर जगात तिला कोणी फारसं विचारत नव्हतं. नाव झाकलं की जीभ खरं बोलते.

मीही केलं. ऑफिसच्या पाच जणांनी वर्गणी काढली. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. लाज झाकायला आलेला कागद पहिल्यांदाच चांगल्या कामाला आला. स्टीलचे पेले, चकली, कांदाभजी. निकाल असा: व्हाइटमध्ये नाशिकची शेनिन ब्लाँ पहिली, तीही भज्यांबरोबर. रेडमध्ये महागडी ऑस्ट्रेलियन पहिली, नाशिकची शिराझ तिच्या जवळपास. आणि एकमताने शेवटची? किल्लेवाली.

आईचा प्रश्न

या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात बसते.

गुढीपाडव्याला ताई पुन्हा आली. मी या वेळी अभ्यास करून बाटली आणली, ‘दिंडोरी रिझर्व्ह’ शिराझ. बाबांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि म्हणाले, ‘दिंडोशी रिझर्व्ह? आपल्याकडे कधीपासून करायला लागले?’ सगळे हसलो. दिंडोरी म्हणजे नाशिकच्या उत्तरेचा तालुका, हे समजावलं. आई हसली नाही.

आईचे वडील लालबागला गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आजी गिरणीच्या गेटवर उभी राहायची, का ते सांगायला नको. आईने मला विचारलं, ‘तुम्ही शिकलेली माणसं त्याला वाइन म्हणता. घरी सरळ चालत येता ना?’

माझ्याकडे आकडे होते. उत्तर नव्हतं.

२७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये बंद कपाटातून वाइन विकता येईल. द्राक्षवाल्यांचा फायदा, असं कारण दिलं. टीव्हीवर वाइन म्हणजे दारू की नाही यावर रात्ररात्र वाद झाले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदललं आणि ते कपाट काही उघडलं नाही. मला वाइन निवडायचीय, म्हणून तेव्हा मला तो विरोध मागास वाटला होता.

पण मग आठवलं, जून २०१५. मी बारावी होऊन इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या धावपळीत होतो. आमच्याच मालाडला, रुळांच्या पलीकडे मालवणीत, विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल होतं त्यात. बहुतेक सगळे हातावर पोट असलेले. दारूबंदीच्या काळात अड्डे तयार झाले, आणि बंदी सैल झाली तरी गरिबाचा पेला अड्ड्यावरच राहिला. एकाच उपनगरात मी पाच डॉलरची अट वाचत बसतो आणि कुणाला पिशवीतल्या दारूत काय आहे हे वाचायची सोयच नसते.

जाळी वाइनवाल्याला अडवते. आजोबांना तिने अडवलं नाही, मालवणीतल्यांनाही नाही. पण आई त्या जाळीच्या बाजूने का उभी राहते, हे मला आता कळतं. तिला मी इतकंच म्हटलं, ‘एक बाटली, चार माणसं, जेवणाबरोबर, महिन्यात एकदा. जास्त झालं तर तू विचार.’ ती म्हणाली, ‘विचारीनच.’

तर मंडळी, थोडक्यात. हजाराच्या आत आपल्या मातीतली घ्या. व्हाइट ताजी बघा, साल वाचा. स्वस्त परदेशीच्या लेबलवरच्या किल्ल्याला भुलू नका. परदेशी हवीच असेल तर कमी वेळा, पण चांगली. आणि जाळीवाल्या दादाला न लाजता सांगा, ‘बाटली जरा हातात द्या, मागचं वाचायचंय.’ मी सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, रांगेकडे एकदा पाहिलं, आणि दिली.

प्यायची नसेल तर अजूनच उत्तम, दिंडोरीची द्राक्षं नुसती खायलाही छान लागतात. तुमच्या घरात हा विषय निघाला तर काय होतं, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.