पाखाडी, पाणंद आणि घाटी : रत्नागिरीच्या रानवाटांचा इतिहास

रत्नागिरी शहराच्या आसपासच्या ज्या रानवाटांनी आज हौशी मंडळी सुटीच्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी परततात, त्यांपैकी जवळजवळ एकही वाट फिरण्यासाठी म्हणून पाडलेली नाही. शेत, बाजार, बंदर, देऊळ आणि सोयरीक या नित्याच्या कामांसाठी पिढ्यानुपिढ्या चाललेल्या माणसांनी त्या मळवल्या, गावकीने म्हणजे गावाच्या सामूहिक कारभाराने त्या राखल्या आणि मोटाररस्ता आल्यावर त्या ओस पडल्या. म्हणून त्यांची आजची शांतता निसर्गाची देणगी म्हणून वर्णिली जात असली, तरी तिचे खरे कारण त्या टाकल्या गेल्या हे आहे.

या वाटांची घडण समजण्यासाठी भूमीची घडण पाहावी लागते. येथे समुद्रालगतची सखल पट्टी संपते न संपते तोच जांभ्याचे उघडे, सपाट पठार लागते, ज्याला सडा म्हणतात. सड्याच्या कडेला खोल दऱ्या असून त्यांच्या तळाशी पऱ्या म्हणजे लहान ओढा, त्याच्या काठाने माडा-पोफळीच्या बागा आणि बागांच्या वर उतारावर घरे, अशी बहुतेक गावांची बैठक आहे. त्यामुळे गावातून बाहेर पडणे म्हणजे चढणे आणि गावात येणे म्हणजे उतरणे. या चढउतारावर जांभ्याचे चिरे बसवून केलेल्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात, दोन गडग्यांमधून, म्हणजे चुन्यामातीवाचून रचलेल्या दगडी बांधांमधून, जाणाऱ्या अरुंद वाटेला पाणंद म्हणतात, तर डोंगराच्या उभ्या चढणीला घाटी म्हणतात. ज्या दगडाला फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील निरीक्षणावरून विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून शास्त्रीय नाव दिले, तो जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, या गुणामुळे साध्या हत्यारांनी घडवलेला चिरा पावसाच्या लोटात वर्षानुवर्षे तग धरतो आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर अनवाणी पायही सहसा घसरत नाही. जांभरुण हे रत्नागिरीजवळचे गाव या रचनेचा उत्तम नमुना आहे: सड्यावरून पाखाडीने खाली उतरले की उन्हाचा ताव एकदम ओसरतो, पाण्याचा आवाज येऊ लागतो आणि वाट पोफळींच्या सावलीत शिरते. महाराष्ट्रात गावरस्त्यांचे इतके देखणे बांधकाम फार थोड्या ठिकाणी उरले आहे.

जिल्ह्याचे मुख्य ठाणे १८२२ मध्ये बाणकोटहून रत्नागिरीस आले, त्यानंतर कचेरी, न्यायालय आणि पुढे शाळा यांच्या ओढीने शहराकडे येणारी पायी वर्दळ वाढली. मोठा माल गलबतांनी, आणि नंतर माणसे आगबोटींनी जात असली, तरी पावसाळ्यात बंदरे बंद होत आणि त्या महिन्यांत वाटांवाचून गत्यंतर नसे. घाटमाथ्याशी असलेला व्यवहारही बैलांच्या तांड्यांनी, म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या काफिल्यांनी चाले. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई आणि वरून धान्य व गूळ खाली येई. या वाटा किती जलद तुडवता येत, याची कटू साक्ष १६८९ च्या फेब्रुवारीत मिळाली, जेव्हा कोल्हापूरकडून निघालेला मोगल सरदार मुकर्रबखान आंबा घाटाच्या बाजूने रानवाटांनी उतरून संगमेश्वरी पोहोचला आणि छत्रपती संभाजी महाराज त्याच्या हाती लागले. पुढे १८७५ च्या सुमारास दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही, ही हकीकत त्यांच्या आत्मवृत्तामुळे सर्वश्रुत आहे. तिच्यातील निराशेइतकीच लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की शिक्षणासाठी एवढे चालणे त्या काळी कोणास अचाट वाटत नसे.

वाट राखण्याचे काम ऋतुचक्रात गुंफलेले होते. भाताच्या रोपांची जागा राबाने भाजण्यासाठी माणसे कवळ, म्हणजे झाडांच्या पानेरी डहाळ्या, आणि पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पाने, आणण्यास रानात जात, तेव्हा वाटेवर झुकलेल्या फांद्याही निघत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असल्याने तिच्या मार्गावरची झुडपे तोडणे आणि ढासळलेला चिरा पुन्हा बसवणे हे वाडीचे कर्तव्य ठरे. जेथे वाट देवराईतून जाई, तेथे मात्र कोयता थांबे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, जेथील झाड देवाला कौल लावल्याशिवाय, म्हणजे त्याची अनुमती विचारल्याशिवाय, तोडले जात नाही; माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात अशा रायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांपुढे मांडले. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प असून बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शहराजवळ दाट सावलीची वाट अजून सापडते, याचे श्रेय गावांच्या या नेमाला द्यावेच लागते.

एसटीची गाडी गावोगाव पोहोचली, घरटी एकदोन माणसे मुंबईस गेली, सरपणाची जागा गॅसने घेतली आणि रानात जाण्याचे कारणच उरले नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने सडे आणि उतार आंबा-काजूच्या कलमांनी भरले. त्यातून अनेक कुटुंबांना स्थैर्य लाभले हे खरे, परंतु बागांभोवती उभ्या राहिलेल्या चिऱ्यांच्या कुंपणांनी कित्येक जुन्या वाटा तोडल्या, हेही तितकेच खरे. ज्या पाखाड्यांवर सिमेंट ओतले गेले, त्या टिकल्या पण गुळगुळीत झाल्या.

अशा वाटा पुन्हा तुडवल्याने काय हाती लागते, याचे उत्तर सड्यांवरील कातळशिल्पांनी दिले आहे. गुराख्यांना ठाऊक असलेल्या या खोदचित्रांचा शोध सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायी फिरून, जुन्या माणसांना विचारून घेतला. उक्षीचा हत्ती आणि जांभरुणचा चित्रसमूह यांसह कोकणातील या स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. मात्र चित्रांची नोंद झाली, तशी चित्रांपर्यंत नेणाऱ्या वाटांची स्वतंत्र नोंद होणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी आधार हाताशी आहे. भूमापनाच्या गाव-नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो, पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते, आणि शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे ती खुली करून मागण्यासाठी अडवणूक झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा दाखल करता येतो.