उसनी संमती

वडील अतिदक्षता विभागात, बेशुद्ध. बाहेर मुलापुढे दोन कागद येतात : एक उपचाराचा, दुसरा संशोधनाचा. पहिली सही वडिलांसाठी असते. दुसरी मुख्यतः उद्याच्या रुग्णांसाठी. रात्रभर जागलेल्या माणसाला हा भेद सहज उमगत नाही. त्या दुसऱ्या सहीमागे मात्र पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता जन्मली. प्रयोगाला सामोऱ्या जाणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छेची संमती अनिवार्य, हे तिचे पहिलेच कलम. दुसऱ्याने संमती देण्याची सोयच तिच्यात नव्हती. पण हा नियम शब्दशः पाळला असता, तर मेंदूला झालेली गंभीर इजा किंवा बेशुद्धी यांवरील संशोधन खुंटले असते. १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने कायदेशीर पालकाच्या संमतीची वाट मोकळी केली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण-निवेदन काढले. २०००, २००६ आणि २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. २०१९च्या औषध चाचणी नियमांनीही बेशुद्ध रुग्णाच्या वतीने कायद्याने मान्य अशा प्रतिनिधीची संमती ग्राह्य धरली. पण हा प्रतिनिधी कोण? पत्नी, थोरला मुलगा, की इस्पितळाचे बिल भरणारा भाऊ? नियम कायद्याकडे बोट दाखवतात, आणि सर्वसाधारण आजारांत असा क्रम लावून देणारा कायदाच नाही. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अपवाद : त्यात प्रतिनिधींचा क्रम आहे, शिवाय संशोधनासाठी राज्य प्राधिकरणाची परवानगीही लागते.

हा प्रश्न केवळ कागदी नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात लसीच्या प्रकल्पासाठी अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे चौकशीत आढळले. त्या मुली आजारी नव्हत्या. तरीही सही तिसऱ्याचीच. मग बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत किती जपायला हवे!

२०१७च्या तत्त्वांतील एक तरतूद म्हणूनच मोलाची वाटते : रुग्ण शुद्धीवर आला की त्याची संमती नव्याने घ्यावी. म्हणजे नातेवाइकाची सही ही ठेव आहे. मालक जागा झाला की ती परत करायची. नकार दिल्याने उपचारांत उणे पडता कामा नये, हेही तिथे स्पष्ट आहे.

तो कागद कधी आपल्यापुढे आलाच, तर ‘मला काय वाटते’ यापेक्षा ‘ते शुद्धीवर असते, तर काय म्हणाले असते’ हे स्वतःला विचारावे. आणि त्याचे उत्तर हाताशी असावे, म्हणून ते आजच, घरी, त्यांनाच विचारून ठेवावे.