मित्राला शेवटी मरावंच का लागतं?

मंडळी, धुळ्यात इतिहासावर बोलायचं म्हणजे राजवाड्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये याच गावात गेले. विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना त्यांनी महाभारतातली श्वेतकेतूची कथा पुरावा म्हणून वापरली. जे आपण अनादि समजतो त्यालाही सुरुवात असते आणि तिचा माग गोष्टींमधून काढता येतो, हे त्यांनी दाखवलं. आज तीच वाट धरून आपण समलिंगी प्रेमाच्या मराठी गोष्टींकडे पाहू.

आम्ही शिकवत होतो तेव्हाची एक आठवण सांगतो. एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला. वाचनालयातून त्यानं तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' नेलं होतं. त्यानं विचारलं, "सर, मित्राला शेवटी मरावंच का लागतं?" आम्ही ॲरिस्टॉटल काढला. शोकात्मिका, भीती, करुणा, विरेचन, सगळं सांगितलं. "बरं सर," म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. त्यानं नाटकाबद्दल विचारलंच नव्हतं, हे समजायला आम्हाला फार वर्षं लागली. आजचं हे बोलणं म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं १९८१ साली. दिग्दर्शक विनय आपटे, आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा. सुमित्रा देव या मुलीचं नमा नावाच्या मुलीवर प्रेम आहे. पण ही हकिकत सांगतो कोण? बापू, तिचा मित्र. बापू भला माणूस आहे, पण भिडस्त. म्हणजे मित्राबद्दल बोललं जातं, तिच्या जिवाची सगळी घालमेल आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, आणि शेवटी ती जीव देते.

आता कायद्याकडे या. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. त्यात 'निसर्गक्रमाविरुद्ध' कृत्याला शिक्षा होती. व्यक्ती कोण, तिचं प्रेम कोणावर, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. कृत्य वेगळं आणि ओळख वेगळी. फ्रान्सचे तत्त्वज्ञ मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये मांडलं, की 'समलैंगिक' नावाचा माणसाचा प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकानं घडवला. त्याआधी मोजली जायची ती कृत्यं. ते मान्य केलं तर पुढचा प्रश्न येतो. ज्याला स्वतःसाठी कायद्यात 'गुन्हा' आणि वैद्यकात 'विकृती' एवढे दोनच शब्द मिळतात, त्यानं 'मी' म्हणायचं कसं? आपल्या अहिराणीतही यासाठी मानानं उच्चारता येईल असा शब्द आमच्या कानावर आला नाही. तमाशातला नाच्या मात्र आपल्याला चालत होता. तो फडावर असेपर्यंत शिट्ट्या, घरी आला की टिंगल.

'मी' म्हणणारी गोष्ट पुढे आली. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर सरळ मराठीत लिहिलं. 'पार्टनर' ही त्यांचीच कादंबरी. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली. तनय आणि अनुजा, भाऊ आणि बहीण, दोघांचं घरातल्या एकाच भाडेकरूवर प्रेम. दोघंही आपापली हकिकत स्वतः सांगतात. इथे बापू नाही, हा मोठा फरक. भावाचं दुःख बहिणीच्या दुःखाएवढंच साधं आणि तेवढंच खोल वाटतं. दोघं होरपळतात, पण जगतात.

आणि आता रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाला मिळालं. मुंबईचा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे त्याला जुना मित्र बाळ्या भेटतो. शेत, शेळ्या, "लग्न कधी करतोस?" म्हणणारे नातेवाईक, सगळं आपल्याच गावचं. हे शहरी फॅड आहे म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

यातला काही बदल न्यायालयांमुळे झाला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं मात्र नाकारलं. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील या पारलिंगी उमेदवार ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. महिलांच्या जागेवरचा त्यांचा अर्ज आधी फेटाळला होता. औरंगाबाद खंडपीठानं तो मान्य करायला लावला. लिंगओळख आणि प्रेमाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पण "मी कोण हे मी सांगेन" हा दावा दोन्हीकडे एकच आहे, आणि भादलीच्या मतदारांनी तो मानला.

तर त्या विद्यार्थ्याला आज काय सांगू? मित्राला मरावं लागत नाही, बाबा. त्या काळच्या लेखकापुढे आणि त्या काळच्या घरांपुढे तिच्यासाठी दुसरी वाट नव्हती, म्हणून ती मेली. तेंडुलकरांनी निदान ते झाकलं नाही. आम्ही मास्तर मंडळींनी झाकलं.

तो आज पन्नाशीला आला असेल. कुठे आहे, आम्हाला ठाऊक नाही. पण तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांच्यासमोर उद्या असाच कोणी तास संपल्यावर थांबेल. तेव्हा ॲरिस्टॉटल जरा बाजूला ठेवा आणि आधी त्याला बसायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.